‘तासाला किती किलोवॅट जळतात?’ : लाईट बिलात आणि उत्तरपत्रिकेत दरवर्षी होणारी एकच चूक

वर्षातून दोनदा माझ्याकडे एकच चूक येते. दिवाळीच्या आधी सहामाहीच्या उत्तरपत्रिकांतून, आणि जून उजाडला की शेजाऱ्यांच्या लाईट बिलांतून. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. सोसायटीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे मे महिन्याचं बिल हातात पडलं की लोक वीज कंपनीच्या आधी माझी बेल वाजवतात.

यंदा पहिले आले तळमजल्यावरचे काका. बिल ३८६ युनिटचं. त्याच्या पाठीवर पेनने हिशोब मांडलेला: एसी १५००, तीन पंखे २२५, फ्रिज २००, टीव्ही १००, दिवे ६०, गिझर २०००. बेरीज ४०८५. खाली दोन रेघा मारून लिहिलेलं, ‘४ किलोवॅट’.

“सर, बिलावर मंजूर भारसुद्धा ४ किलोवॅटच छापलाय. म्हणजे माझा हिशोब बरोबर. मग हे ३८६ कुठून आणले? मीटर पळतंय.”

आता उत्तरपत्रिकेतली बाजू. प्रश्न साधा: १००० वॅटची इस्त्री २ तास वापरली तर किती विद्युत ऊर्जा खर्च होईल? वर्गातल्या पाच-सहा जणांचं उत्तर हमखास ‘५०० वॅट प्रति तास’ असतं. भागाकार अचूक असतो, एवढंच कौतुक.

काकांनी वेळ धरलाच नाही. मुलांनी धरला, पण जिथे गुणायचा तिथे भागला. वरवर दोन वेगळी दुखणी दिसतात, पण मूळ एकच आहे. वॅट म्हणजे काहीतरी साठा आहे, लिटर-किलोसारखा माल आहे, असं दोघांनीही मनात धरलंय.

दुखणं कुठे आहे

वॅट हा माल नाही, वेग आहे. १ वॅट म्हणजे दर सेकंदाला १ ज्यूल ऊर्जा. हे ‘दर सेकंदाला’ वॅटच्या पोटात आहे, फक्त बाहेरून दिसत नाही. गाडीचा वेग सांगताना आपण ‘ताशी ६० किलोमीटर’ म्हणतो, तिथे ‘ताशी’ कानावर पडतं. इथे ते जेम्स वॅटच्या नावाखाली झाकलं गेलंय. अभियंते विल्यम सीमेन्स यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या वैज्ञानिकांच्या संस्थेपुढे हे नाव सुचवलं. मोठ्या माणसाचा सन्मान झाला हे खरं, पण ‘ज्यूल प्रति सेकंद’ असंच राहू दिलं असतं तर माझ्या मुलांचे निम्मे गुण वाचले असते.

म्हणून ‘एसी तासाला दीड किलोवॅट खातो’ हे वाक्य ‘गाडी तासाला ताशी ६० ने जाते’ या वाक्याइतकंच विचित्र आहे. एसी दीड किलोवॅटचा असतो. तासभर पूर्ण जोरात चालला तर दीड युनिट खातो. (वॅट प्रति तास या राशीला अगदीच अर्थ नाही असं नव्हे. एखादं वीजकेंद्र किती झपाट्याने भार उचलू शकतं हे सांगायला ती कामी येते. इस्त्रीला नाही.)

वर्गात मी हे धरणावरून सांगतो, कारण पावसाळ्यात हे आकडे मुलांच्या घरात रोज टीव्हीवर चालू असतात. धरणातून सोडलेलं पाणी क्युसेकमध्ये सांगतात आणि साठलेलं पाणी टीएमसीमध्ये. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. ११,५७४ क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालू ठेवला की १ टीएमसी पाणी जातं. खडकवासल्याचा साठा १.९७ टीएमसी, वरून थेंबही आला नाही तर या विसर्गाने ते धरण दोन दिवसांत रिकामं होईल. आता ‘११,५७४ क्युसेक पाणी संपलं’ असं कोणी म्हणत नाही. लगेच प्रश्न येतो, किती वेळ सोडलं? वॅट म्हणजे क्युसेक, युनिट म्हणजे टीएमसी. काकांनी घरातल्या सगळ्या दरवाजांचे क्युसेक जोडले आणि बेरजेला टीएमसी समजून बसले.

मंजूर भाराचंही तेच. तो एका वेळी जास्तीत जास्त किती किलोवॅट ओढायला परवानगी आहे ते सांगतो. महिन्यात किती युनिट जाळायचे यावर त्याचं बंधन नाही. ४ किलोवॅटचा भार ३० दिवस अखंड चालवला तर २८८० युनिट होतील, आणि मंजुरी कुठेही मोडणार नाही.

गुणायचं की भागायचं

‘किलोवॅट-तास’ या शब्दातली मधली आडवी रेघ मुलांना भागाकाराची वाटते. तिथे मी रोजगार हमीचा शब्द आणतो: मनुष्यदिवस. १० माणसांनी ५ दिवस काम केलं तर ५० मनुष्यदिवस. गावाकडच्या मुलांनी हा शब्द ग्रामपंचायतीच्या फलकावर वाचलेला असतो आणि त्याला ‘मनुष्य प्रति दिवस’ असं कोणी वाचत नाही. किलोवॅट-तासही तसाच. २ किलोवॅटने ३ तास काम केलं, ६ किलोवॅट-तास झाले. त्या एका किलोवॅट-तासालाच बिलावर ‘युनिट’ म्हणतात.

ज्यूलमध्ये न्यायचं असेल तर तासाचे ३६०० सेकंद करा. १००० वॅट गुणिले ३६०० सेकंद, म्हणजे ३६ लाख ज्यूल. परीक्षेत इथे एक ठरलेली गफलत होते: वॅटचे किलोवॅट करतात आणि तासाचे सेकंदही करतात, मग उत्तर हजारपटीने लहान येतं. ज्यूल हवे असतील तर वॅट आणि सेकंद. युनिट हवे असतील तर किलोवॅट आणि तास. जोड्या मोडू नका.

३६ लाख ज्यूल म्हणजे किती हे अंगाला कळावं म्हणून हे बघा. ५० किलोचं पोतं समुद्रसपाटीपासून कळसूबाईच्या माथ्यापर्यंत, म्हणजे १६४६ मीटर उचलायला साधारण ८ लाख ज्यूल लागतात. एका युनिटात ते पोतं चार वेळा वर जाईल आणि थोडी वीज उरेल. हे सांगितल्यावर वर्गात नेहमी शांतता पसरते. मग कोणीतरी विचारतं, “आणि सर, याचे पैसे किती?”

आपली बोलीसुद्धा यात भर घालते

लाईट गेली, लाईट बिल आलं, करंट लागला, आज पॉवर कमी आहे. शेवटच्या वाक्यात ‘पॉवर’ म्हणजे खरं तर व्होल्टेज. विहिरीवरची मोटर घुरघुरते पण उचलत नाही, तेव्हा दाब कमी असतो, आणि आपण म्हणतो पॉवर नाही. पुस्तकात पॉवरला ‘शक्ती’ म्हटलंय. पण घरात शक्ती, ताकद, जोर, बळ सगळं एकच. मग ऊर्जा आणि शक्ती वेगळ्या कशाला, असा प्रश्न मुलाला पडला तर त्यात त्याची चूक नाही. वर्तमानपत्रंही मदत करत नाहीत. ‘केंद्राने दिवसभरात अमुक मेगावॅट वीज निर्माण केली’ असं छापून येतं. कोयनेची स्थापित क्षमता १९६० मेगावॅट. सगळे संच पूर्ण भाराने एक तास चालले तर १९ लाख ६० हजार युनिट वीज तयार होईल. पहिला आकडा बदलत नाही, दुसरा घड्याळाबरोबर वाढत जातो.

त्यामुळे माझा एक नियम आहे. कोणी विजेचा आकडा सांगितला की विचारायचं, “हा एका क्षणाचा की महिनाभराचा?” क्षणाचा असेल तर वॅट, काळभराचा असेल तर युनिट.

मीटर खरंच पळतंय का, हे कसं बघायचं

काकांचं अर्धं समाधान झालं होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी आम्ही जिन्याखालच्या मीटरपाशी गेलो. हे कोणालाही करता येईल.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी दर किलोवॅट-तासाला किती लुकलुक, तो आकडा छापलेला असतो. काकांच्या मीटरवर ३२०० होता. तुमच्यावर वेगळा असू शकतो, तो बघूनच हिशोब करा.

आधी घरातलं सगळं बंद करायचं. सेट टॉप बॉक्स, वायफायचा राऊटर, फ्रिज, चार्जरसुद्धा. दिवा थांबला पाहिजे. काही मिनिटांनी एखादा ठोका (म्हणजे एक लुकलुक) पडत राहिला तर काहीतरी चालू राहिलंय. मग घरातला मेन स्विच पाडा. तरीही ठोके पडत असतील तर मीटर ते मेन स्विच यांच्या मधल्या वायरिंगमध्ये गडबड आहे किंवा मीटरमध्ये; दोन्ही गोष्टी स्वतः उघडून बघायच्या नाहीत. लेखी तक्रार करून मीटर तपासणी मागायची. काकांकडे राऊटर राहिला होता, तो काढल्यावर दिवा गप्प बसला.

मग एकच ओळखीचं उपकरण लावायचं. गिझर-इस्त्री नको, त्यांच्यात थर्मोस्टॅट असतो आणि तो मध्येच तोडतो. बादलीत टाकायचा १००० वॅटचा साधा रॉड उत्तम. आधी रॉड पाण्यात, मग स्विच; आणि चालू असताना पाण्याला हात नाही. १ किलोवॅटला तासाला ३२०० ठोके, म्हणजे ५० ठोक्यांना ५६ सेकंदांहून किंचित जास्त. सूत्रच हवं असेल तर ३२०० च्या मीटरसाठी: ठोके भागिले सेकंद, गुणिले ११२५, उत्तर वॅटमध्ये.

काकांच्या ५० ठोक्यांना ६१ सेकंद लागले. म्हणजे सुमारे ९२० वॅट. काका म्हणाले, “बघा, मीटर चुकीचंच आहे!” मी म्हटलं, “काका, चुकलं असेल तर तुमच्या फायद्याचं चुकलंय.” पण चुकलं नव्हतं. रॉडवरचे १००० वॅट २३० व्होल्टला असतात. रोधक तोच राहिला तर शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब २२० झाला की १००० चे सुमारे ९१५ होतात. उन्हाळ्यात संध्याकाळी सात वाजता, सगळ्या इमारतीचे एसी चालू असताना, २२० मिळणं हे रोजचंच. म्हणून पाच-दहा टक्क्यांच्या फरकावरून मीटरला बोल लावू नका. दीडपट, दुप्पट फरक दिसला तर मात्र तक्रार कराच.

दहावीच्या मुलांनी इथे थांबून एक गणित करून बघावं. २३० व्होल्टला ६० वॅटचा बल्ब ११५ व्होल्टवर लावला तर किती वॅट? ३० लिहिणारे निम्मे असतात. उत्तर १५ आहे. दाब निम्मा झाला की धाराही निम्मी होते. (तापलेल्या तारेचा रोध बदलतो हे आपण सोडून दिलंय, पुस्तकही सोडून देतं.)

पाटीवरचे वॅट कुठे फसवतात

गिझर २००० वॅटचा, तासभर चालू राहिला, म्हणून २ युनिट गेले असं बहुतेक जण धरतात. करून बघू. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायचं: १५ गुणिले ३५ गुणिले ४२०० ज्यूल, म्हणजे सुमारे २२ लाख ज्यूल, ०.६१ युनिट. २ किलोवॅटला त्यासाठी १८-१९ मिनिटं पुरतात. मग थर्मोस्टॅट तोडतो आणि पाणी निवेल तसा अधूनमधून जोडतो. वीज वाया जाते ती या मधल्या निवण्यात. फ्रिजचंही तसंच, कॉम्प्रेसर सतत चालत नाही. तिथे पाटीवरच्या वॅटपेक्षा स्टार लेबल बघा. त्यावर वर्षाचे युनिट दिलेले असतात, ३६५ ने भागा.

एसीचा ‘टन’ हे वेगळंच प्रकरण. एक टन (अमेरिकी टन, सुमारे ९०७ किलो) बर्फ चोवीस तासांत वितळायला जितकी उष्णता लागते तो वेग म्हणजे एक टन, सुमारे ३.५ किलोवॅट. दीड टनाचा एसी खोलीतून सव्वापाच किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो आणि त्यासाठी वीज ओढतो साधारण दीड किलोवॅट. फुकटात तिप्पट मिळालं असं नाही. तो उष्णता तयार करत नाही, फक्त हलवतो.

शेतीपंपावर अश्वशक्ती लिहिलेली असते. ५ अश्वशक्ती म्हणजे ५ गुणिले ७४६, ३७३० वॅट. पण ही मोटरच्या दांड्यावर मिळणारी शक्ती आहे. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ती तारेतून ४.६६ किलोवॅट ओढते, आणि आठ तासांत ३७ युनिट होतात. ३० नव्हे.

बॅटरीवरचे अँपिअर-तास ही तर ऊर्जासुद्धा नाही, तो विद्युत प्रभार (चार्ज) आहे. व्होल्टने गुणल्यावर ऊर्जा मिळते. इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, १.८ युनिट. ३०० वॅटवर सहा तास चालेल असा हिशोब करून लोक घेतात आणि चार-साडेचार तासांत अंधार झाला की दुकानदाराशी भांडतात. इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो, आणि बॅटरी तळापर्यंत उपसायचीही नसते. मोबाईलची ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी जेमतेम १९ वॅट-तासांची. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरूनही एका युनिटात मोबाईल चाळीसेक वेळा भरतो. तेव्हा रात्रभर चार्जर लावला म्हणून पोरांना ओरडायला दुसरं कारण शोधा. पॉवर बँकेवर मिलिअँपिअर-तास मोठ्या अक्षरात असतात, पण विमानात नेताना १०० ची मर्यादा बघतात ती वॅट-तासांची, कारण धोका साठलेल्या ऊर्जेचा असतो.

छतावरच्या सौर पॅनेलबद्दल हल्ली सगळ्यात जास्त विचारणा होते. ३ किलोवॅटचं पॅनेल म्हणजे दिवसाला ३ युनिट नव्हे, आणि ३ गुणिले २४ म्हणजे ७२ सुद्धा नव्हे. ३ किलोवॅट हा भर उन्हातला, जास्तीत जास्त वेग. आपल्याकडे वर्षाची सरासरी धरली तर एका किलोवॅटमागे दिवसाला ४ युनिटच्या आसपास मिळतात, म्हणजे १२. जुलैत त्याहून बरेच कमी.

काकांचं बिल

वर आलो, काकूंनी चहा ठेवला, आणि आम्ही तीच यादी पुन्हा मांडली. या वेळी प्रत्येक ओळीपुढे तास लिहिले.

एसी रात्री आठ तास. इन्व्हर्टर एसी आहे, खोली गार झाली की तो ओढ कमी करतो, म्हणून सरासरी ०.८ किलोवॅट धरले: दिवसाला ६.४, महिन्याला १९२ युनिट. फ्रिज लेबलप्रमाणे रोज एक, ३०. गिझर सकाळी एकदा, १८. टीव्ही पाच तास, १५. दिवे ९. सेट टॉप बॉक्स दहा वॅटचा पण चोवीस तास चालू, ७. इस्त्री, मिक्सर, वॉशिंग मशीन मिळून १० धरले. राहिले पंखे. काकांना वाटत होतं ते नगण्य. तीन पंखे, प्रत्येकी ७५ वॅट, मे महिन्यात रोज चौदा तास: ३.१५ युनिट, महिन्याला साडेचौऱ्याण्णव.

बेरीज पावणेचारशेच्या जराशी पुढे गेली. बिल ३८६. अंदाजाने मांडलेल्या हिशोबात दहा युनिटचा फरक मी आनंदाने सोडून दिला.

“पंखे एसीच्या निम्मे खातात?” काकूंनी विचारलं. काकांनी लगेच कमी वीज खाणाऱ्या नव्या बीएलडीसी पंख्याची जाहिरात काढली, ३० वॅटवाली. तिघांचे मिळून ३८ युनिट होतील, म्हणजे मे महिन्यात ५६-५७ युनिट वाचतील, हेही त्यांनी स्वतःच काढलं. न चुकता, वॅट गुणिले तास भागिले हजार. मला अगदी धन्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ग चालू असताना दुकानातून त्यांचा फोन आला. “सर, इथे एक पंखा आहे, दुकानदार म्हणतो तीस युनिटचा आहे. आणि दुसरा पस्तीसचा. तीसचाच घेऊ ना?”